कृपया जोडपत्रे जोडू नयेत

सोमवार, ३ मार्च

आजपासून मी शिलाई मशीन दुरुस्ती मेल-यादीचा व्यवस्थापक आहे. म्हणून ही नवी वही. पुढे जो कोणी हे पद सांभाळेल त्याला मार्गदर्शन व्हावं, एवढाच हेतू.

ज्याला माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. आमची यादी म्हणजे मेलचा एक पत्ता. त्या पत्त्यावर कोणी काही पाठवलं की ते सगळ्या तीनशे चाळीस सभासदांकडे पोचतं. सगळे जुनी शिलाई मशीनं दुरुस्त करणारे. कोणी पोटासाठी करतं, कोणी माझ्यासारखं निवृत्तीनंतर हौसेखातर. एकोणीस वर्षं ही यादी दातांचे एक डॉक्टर सांभाळत होते. गेल्या आठवड्यात एका सकाळी त्यांना दोनशे बारा मेल आलेले दिसले. त्यांनी एकही न उघडता राजीनामा लिहून पाठवला. तो दोनशे तेरावा.

यादी चालते वस्त्रकला महाविद्यालयाच्या तळघरातल्या एका जुन्या सर्व्हरवर. त्याची देखभाल करणाऱ्या बाईंनी कळवलंय की त्याला आता हा भार झेपत नाही. महिनाअखेरपर्यंत मेलची संख्या आणि वजन निम्म्यावर आलं नाही तर यादी बंद होणार, आणि एकोणीस वर्षांचा जुना पत्रव्यवहारही पुसला जाणार. ज्या मशीनांचे कारखाने कधीच बंद पडले त्यांच्या दुरुस्त्या आता फक्त त्या पत्रव्यवहारात उरल्या आहेत. म्हणजे ही बाब साधी नाही.

मी एकतीस वर्षं तोलमाप निरीक्षक होतो. दुकानांतले तराजू तपासले, मापं जप्त केली, खोट्या वजनांवर शिक्के मारले. संख्या आणि वजन या दोन गोष्टी मला कोणी शिकवायला नकोत.

बायकोने विचारलं, या पदासाठी किती जण उभे होते. मी म्हटलं, मी एकटाच. ती म्हणाली, "मग चुरस झाली नसेल," आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली.

मंगळवार, ४ मार्च

काल एकूण चौऱ्याण्णव मेल. वजन अठ्ठावन्न एमबी. त्यातले चौदा एमबी एकट्या कॅप्टनचे. हे गृहस्थ पूर्वी मालवाहू जहाजावर होते. त्यांनी एका स्क्रूचे दहा फोटो पाठवलेत. दहाही उलटे, सातांत स्क्रू अंधुक. एकात स्क्रू नाहीच, कॅप्टनचा पाय आहे.

सकाळी सूचना क्र. १ पाठवली: सभासदांनी गरजेपुरतेच लिहावे. बावन्न जणांनी सर्वांना कळवलं की सूचना मिळाली, आभारी आहोत. इतक्या आपुलकीने लिहिलं होतं की मीही प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. उत्तरंही सर्वांना दिसतील अशी दिली, म्हणजे बाकीच्यांपुढे चांगला आदर्श राहील.

आज संध्याकाळपर्यंत एकूण एकशे एकसष्ट. लोकांना शिस्त म्हणून नाही.

गुरुवार, ६ मार्च

सूचना क्र. २: सूचनांना उत्तर देऊ नये. अडतीस जणांचं उत्तर आलं, "समजलं." एकाने विचारलं, हा नियम सूचना क्र. २ ला लागू आहे की फक्त पुढच्या सूचनांना. प्रश्न योग्य होता, त्यामुळे सूचना क्र. ३ काढावी लागली.

आणखी एक रोग सापडला. यादीत एक बॉबिनकाका आहेत. बॉबिन म्हणजे मशीनच्या पोटात असतं ते दोऱ्याचं छोटं रीळ. त्यांच्याकडे चारशे आहेत. त्यांनी आज कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर दिलं: "हो." त्याखाली आधीची सगळी पत्रं तशीच चिकटलेली. ती किती लांब आहेत हे मोजता यावं म्हणून मी ती छापून काढली. अकरा पानं निघाली. अकरा पानं आणि एक "हो."

लेकीचा फोन आला. ती कॉम्प्युटरचंच काम करते. म्हणाली, बाबा, आधी कोण किती पाठवतं ते मोजा, मग नियम करा. मी म्हटलं, मोजायला वेळ कुठे आहे, सूचना क्र. ४ अर्धी लिहून पडली आहे.

शुक्रवार, ७ मार्च

सूचना क्र. ४, ५, ६ आणि ७ पाठवल्या. सातवी कॅप्टनसाठी होती: फोटो काढताना फोन सरळ धरावा. दमलो.

रविवार, ९ मार्च

आज धाडस केलं. जोडपत्रांवर संपूर्ण बंदी घातली. फोटो, नकाशे, आकृत्या, काही म्हणजे काही जोडायचं नाही. जोडलं तर यादी तो मेल आपोआप परत पाठवते. सोबत मी लिहिलेलं पत्र जातं: "आपले जोडपत्र अस्वीकृत करण्यात येत आहे. कृपया जोडपत्रे जोडू नयेत. मशीनचा दोष शब्दांत सांगावा. आपला नम्र, व्यवस्थापक." हे पत्र तीन वेळा पुन्हा लिहिलं. "आपला नम्र" ठेवावं की नाही यावर बराच विचार केला. ठेवलं. अधिकार हातात असताना नम्रता शोभून दिसते.

संध्याकाळी वजन पाहिलं. अर्धा एमबी. अठ्ठावन्नवरून अर्धा. बायकोला बोलावून दाखवलं. ती पूर्वी मोठ्या ऑपरेशन थिएटरात नर्स होती, आकड्यांनी सहसा हलत नाही. तिने विचारलं, मग लोक आता मशीन दाखवणार कशी. मी म्हटलं, शब्दांनी. पूर्वी फोटो होते कुठे.

मंगळवार, ११ मार्च

शब्दांचा थोडा त्रास होतोय.

एका सभासदाने विचारलं, मशीनच्या डोक्यावर उजवीकडे जो नाकासारखा भाग असतो त्याचं नाव काय. कोणी तरी विचारलं, नाक कसं, बसकं की धारदार. तो म्हणाला, माझ्या नाकासारखं नाही, थोरल्या मामांच्या नाकासारखं. त्यावर सतरा जणांनी मामांच्या नाकाची चौकशी केली. त्याने मामांचं वर्णन दीड पानात केलं. ते वर्णन इतकं चांगलं होतं की मामा आता कसे आहेत असं चौघांनी विचारलं. मामांना जाऊन आठ वर्षं झाली आहेत. मग शोकसंदेश सुरू झाले. मीही यादीतर्फे एक पाठवला.

तो भाग दोऱ्याचा ताण सांभाळणारी स्प्रिंग निघाली. हे एकसष्टाव्या मेलमध्ये कळलं.

कॅप्टनने वेगळी वाट काढली. त्यांनी कीबोर्डवरचे कंस, रेघा आणि ठिपके वापरून मशीनचं चित्र काढलं. त्यांच्या पडद्यावर ते छान दिसत असेल. माझ्याकडे पोचेपर्यंत सगळं घरंगळून एका कोपऱ्यात गोळा झालं होतं. बायकोला वाटलं कीबोर्डवर काही सांडलंय.

बुधवार, १२ मार्च

नवी व्यवस्था. यादीवर येणाऱ्या प्रत्येक मेलला माझ्याकडून आपोआप पोच जाईल: "संदेश मिळाला. जोडपत्राविना लिहिल्याबद्दल धन्यवाद." पोच सर्वांना दिसेल. नियम पाळणाऱ्याचं चारचौघांत कौतुक झालं की बाकीचे आपोआप सुधारतात, हा माझा नोकरीतला अनुभव. खरं तर नोकरीत मी कोणाचं कौतुक केलेलं आठवत नाही, पण केलं असतं तर सुधारले असते.

गुरुवार, १३ मार्च

मेलची संख्या एकदम दुप्पट. कारण कळत नाही. सूचना क्र. १५.

शुक्रवार, १४ मार्च

एका बाईंचा प्रश्न तीन-चार दिवस यादीवर फिरतोय. सगळे त्यांना पडदेवाली म्हणतात, कारण त्या दारं-खिडक्यांचे पडदे शिवतात. दुकानावर पाटी लावल्यापासूनचं पहिलं मोठं काम त्यांना मिळालं आहे. एका नाट्यगृहाचा रंगमंचावरचा मुख्य पडदा. कापड इतकं जड की ते फक्त त्यांच्या सासूबाईंच्या जुन्या मशीनवरच शिवलं जातं, आणि नेमकी तीच मशीन टाके सोडते आहे. वीतभर शिवण नीट पडते, मग पाच-सहा टाके गायब. पडदा अठ्ठावीस तारखेला टांगायचा आहे.

त्यांनी फोटो तीनदा पाठवला. तीनदा माझं नम्र पत्र त्यांच्याकडे गेलं. मग त्यांनी शब्दांत लिहिलं. त्यावर त्रेचाळीस सल्ले आले. सुई बदला. दोरा बदला. पट्टा घट्ट करा. पट्टा सैल करा. हे काढून बघा, ते काढून बघा. बाई बिचाऱ्या सगळ्यांचं ऐकणाऱ्या. आज दुपारी त्यांनी लिहिलं, "सर्वांच्या सांगण्याप्रमाणे केलं. आता माझ्याकडे मशीन राहिलेली नाही, सुटे भाग आहेत. त्रेसष्ट भाग बेडशीटवर मांडून ठेवलेत. पुढे काय करायचं?"

या मेलला माझ्या व्यवस्थेकडून पोच गेली: "जोडपत्राविना लिहिल्याबद्दल धन्यवाद."

वाचून मला थोडं कसंसं झालं. पण व्यवस्था म्हटली की ती सर्वांना सारखीच असायला हवी.

सोमवार, १७ मार्च

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

बॉबिनकाका सकाळी बहिणीकडे गेले. जाताना त्यांनीही मेलवर आपोआप उत्तराची सोय केली: "मी बाहेरगावी आहे. परतल्यावर कळवतो." यादीवरचा एक मेल त्यांच्याकडे पोचला. त्यांच्या मेलने यादीला कळवलं की ते बाहेरगावी आहेत. माझ्या मेलने त्यांचे आभार मानले. ते आभार त्यांच्याकडे पोचले. त्यांच्या मेलने पुन्हा कळवलं की ते बाहेरगावी आहेत. माझ्या मेलने पुन्हा आभार मानले.

तेव्हा मी जेवत होतो. मग जरा आडवा झालो. चहाच्या वेळी उठलो तेव्हा मेल दोन हजार तीनशे सहा झाले होते, आणि ते सगळे तीनशे चाळीस जणांकडे गेले होते.

सर्व्हरवाल्या बाईंचा फोन आला. त्यांनी तळघरात जाऊन यंत्राची तार उपटली होती. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"काका, तुमचं आणि त्या बॉबिनकाकांचं काही भांडण आहे का?"

मी म्हटलं, भांडण मुळीच नाही, संवाद शेवटपर्यंत अत्यंत सभ्य होता.

 त्या म्हणाल्या, उद्या यंत्र परत चालू करते, पण ते आभार बंद करा, आणि आजचा गोंधळ सोडून कोणी किती मेल पाठवले त्याचा तक्ता तुम्हाला पाठवते, तो बघा. मी म्हटलं, जरूर पाठवा, मलाही बघायचंच आहे की एवढा उपद्रव कोण करतंय.

बुधवार, १९ मार्च

तक्ता आला.

चार ते सोळा तारखेपर्यंत एकूण मेल एक हजार सहाशे अठ्ठेचाळीस. सर्वांत जास्त पाठवणाऱ्याचे सातशे सव्वीस. दुसऱ्या क्रमांकावर कॅप्टन, एक्याऐंशी.

पहिल्या क्रमांकावर माझं नाव आहे.

बाईंना फोन करून विचारलं, तक्ता वर-खाली तर झाला नाही ना. नाही म्हणाल्या. मग मी स्वतः मोजले. दोन तास लागले. सातशे सव्वीसच. बावीस सूचना, बाकीचे आभार, पोच, पोचेबद्दल खुलासे, आणि मामांचा शोकसंदेश.

माझ्या खात्यात एक पद्धत होती. दर वर्षी आम्हा निरीक्षकांची स्वतःची वजनं मुख्य कार्यालयात तपासायला जायची. आधी आमची तपासणी, मग आम्ही बाहेर. एका वर्षी माझं एक किलोचं वजन कमी भरलं होतं. तेव्हा मी अख्खा दिवस कोणाशी बोललो नव्हतो. आज तसंच झालं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"तुला माहीत होतं?"

"अहो, दिवसभर टाइप करताय. कोणी तरी वाचत असेलच ना ते."

गुरुवार, २० मार्च

एकही मेल पाठवला नाही. दुपारपर्यंत हाताला चैन पडेना, म्हणून शेजाऱ्यांच्या मशीनला तेल घातलं. त्यांची मशीन चांगली चालू होती.

शुक्रवार, २१ मार्च

पडदेवालीचा मेल आला. यादीवर नाही, मला एकट्याला. "आपल्या कामात माझ्यामुळे फार गर्दी झाली, माफ करा. मला यादीतून काढून टाकावं. पडद्याचं काम मी परत करते आहे."

पत्र तीनदा वाचलं. त्यांच्यामुळे गर्दी झाली म्हणे.

बायको म्हणाली, फोन लावा. लावला. बाईंना म्हटलं, फोटो माझ्याच पत्त्यावर पाठवा, यादीचा संबंध नाही. त्यांनी पाठवला. तो परत गेला, कारण माझी स्वतःची मेलपेटी भरली होती. माझ्याच सूचनांच्या प्रतींनी.

मी डोक्याला हात लावून बसलो. बायको आत गेली आणि माझी हत्यारांची पेटी घेऊन बाहेर आली. म्हणाली, बसने दोन तासांचं अंतर आहे, सकाळी निघू. मी म्हटलं, तू कशाला. ती म्हणाली, "त्रेसष्ट भाग उघड्यावर पडलेत आणि तुम्ही एकटे जाणार?"

शनिवार, २२ मार्च

दिवसभराचं लिहायचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पडदेवालीचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीला लागून मरून रंगाच्या जाड कापडाचा ढीग, माझ्या खांद्याइतका उंच. मधे जमिनीवर निळ्या चौकटींची बेडशीट आणि तिच्यावर भाग. बाई पन्नाशीच्या असतील, बोलायला हळू. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी आधी पंखा लावला आणि पाणी दिलं. पंख्याने दोन वॉशर उडाले, म्हणून बायकोने तो बंद केला.

मग बायकोने ताबा घेतला. ऑपरेशन थिएटरात ती हत्यारं मांडून मोजायची, तसे तिने सगळे भाग रांगांनी लावले, प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवली आणि मोजले. बासष्ट. पुन्हा मोजले. बासष्ट. त्रेसष्टावा माझ्या गुडघ्याखाली होता.

मी एकेक भाग उचलून पुसला, उजेडात धरला, खाली ठेवला. दीड तास. दोष दिसेना. खरं सांगायचं तर यातले दहा-बारा भाग कशाचे आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. बाईंना तसं सांगायचा धीर होईना. शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या यादीला विचारू या का?"

मी त्यांच्या फोनवर बेडशीटचा फोटो काढला आणि यादीला पाठवला. लगेच उत्तर आलं: आपले जोडपत्र अस्वीकृत करण्यात येत आहे. आपला नम्र. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे मला पाठ झालंय."

लेकीला फोन केला. तिने सांगितलं ते आता कायमचा नियम म्हणून लिहून ठेवतो. फोटो मेलला जोडायचाच नाही. तो इंटरनेटवर एका जागी ठेवायचा, आणि मेलमध्ये फक्त त्या जागेचा पत्ता द्यायचा, एका ओळीत. ज्याला बघायचं तो तिथे जाऊन बघेल. बाकीच्यांच्या दारात चौदा एमबीचं गाठोडं पडणार नाही. ती म्हणाली, बाबा, हे मी तुम्हाला सहा तारखेला पण सांगणार होते, तुम्ही फोन ठेवलात.

सर्व्हरवाल्या बाई सुट्टीच्या दिवशीही फोनवर आल्या आणि महाविद्यालयाच्या पानावर एक कोपरा उघडून दिला. मी मेल लिहिला. विषयात लिहिलं: "मदत हवी, जड कापडाची मशीन, टाके सुटतात." खाली फोटोचा पत्ता आणि एक वाक्य: खात्रीने माहीत असेल त्यानेच लिहावे. बायकोने वाचून "सविनय" खोडलं.

पाऊण तास काहीच नाही. एकही मेल नाही. तीनशे चाळीस माणसं गप्प. असं याआधी कधी झालं नव्हतं. मला वाटलं सगळे सोडून गेले.

मग एक मेल आला. दातांच्या डॉक्टरांचा. राजीनाम्यानंतर त्यांनी यादीवर शब्दही लिहिला नव्हता. "दुसरी रांग, डावीकडून चौथा. शटलचं टोक बघा. टवका उडालाय. ते टोक दोरा पकडतं, म्हणून टाके सुटतात. एवढी वर्षं हेच बघत आलो, फक्त तोंडात."

मी शटल उचललं. टोकाचा जोंधळ्याएवढाही नाही असा टवका गेला होता. तो भाग मी दोनदा हातात घेऊन पुसला होता.

दुसरा मेल कॅप्टनचा. "माझ्याकडे असं शटल आहे. उद्या घेऊन येतो. पत्ता द्या." त्यानंतर मेल नाही. दोन मेलमध्ये प्रश्न सुटला.

बाईंनी आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं.

रविवार, २३ मार्च

कॅप्टन दहा वाजता आले. त्यांचे मेल वाचून मी दणकट, दाढीवाला, मोठ्या आवाजाचा माणूस धरून चाललो होतो. आले ते काटकुळे, माझ्या खांद्याला लागतील एवढे, आणि दोन्ही हात सारखे थरथरत होते. शटल काडेपेटीत कापसात गुंडाळून आणलं होतं. बाईंनी काडेपेटी हातात घेतली तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो, कारण त्या डोळे पुसत होत्या.

मग कॅप्टननी जोडणीचे फोटो काढायला घेतले. उजवा अंगठा चालत नाही म्हणून फोन उलटा धरून डाव्या अंगठ्याने दाबतात. हात हलतो, म्हणून दहा काढतात, एखादा तरी नीट येतो. कोणता नीट आलाय ते त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून दहाही पाठवतात.

मी त्यांना सूचना क्र. ७ पाठवली होती.

माफी मागितली. ते म्हणाले, कशाबद्दल, मी तुमच्या सूचना वाचत नाही, फार लांब असतात. मला बरंच हलकं वाटलं. त्यांचे फोटो नंतर मी निवडले. दहातला एक ठेवला. हे काम आता माझ्याकडे.

जोडणी चार तास चालली. बायको चिठ्ठीप्रमाणे भाग हातात देत होती, मी बसवत होतो, कॅप्टन तोंडाने सांगत होते. शेवटी एक स्क्रू उरला. आम्ही तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. बाईंनी जाड कापडाच्या चार घड्या सुईखाली सरकवल्या आणि पाय चालवला. एक वीत, दोन वीत, हातभर. टाका न् टाका जागेवर. त्या थांबेचनात. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवत गेल्या, आणि मग म्हणाल्या, "काम परत केलंय हे मी अजून त्यांना कळवलेलं नाही. बरं झालं, मेल लिहायला वेळच मिळाला नाही."

शुक्रवार, २८ मार्च

पडदा लागला. बाईंनी यादीवर एका ओळीत कळवलं आणि फोटोचा पत्ता दिला. मी जाऊन पाहिला. मरून पडदा, तळाशी सोनेरी पट्टी, शिवण सरळ.

आज यादीवर एकूण नऊ मेल.

सोमवार, ३१ मार्च

सर्व्हरवाल्या बाईंचा निकाल आला. संख्या निम्म्याहून पुष्कळ खाली, वजन नावापुरतं. यादी राहणार, जुना पत्रव्यवहारही राहणार. त्यांनी खाली एक वाक्य टाकलं होतं: "सर्वांत मोठा फरक तुमच्या न लिहिण्याने पडला." हे कौतुक आहे असं मी धरतो.

बावीस सूचना रद्द केल्या. आता चारच ओळी आहेत. फोटोचा पत्ता द्या, फोटो जोडू नका. उत्तर देताना खालची जुनी पत्रं काढून टाका. आभार मानायचे तर त्या एका माणसाला लिहा. ज्यांना दिवसभर टकटक नको त्यांनी सगळे मेल संध्याकाळी एकत्र मागवावेत.

लेकीने पाचवी व्यवस्था सुचवली, ती मी मानली. यादीत अशी सोय आहे की एखाद्या सभासदाचे मेल थेट न जाता आधी व्यवस्थापकाकडे थांबतात. त्याने वाचून सोडले तरच पुढे जातात. ही सोय मी माझ्या नावापुढे लावून घेतली.

दुपारी यादी वाचल्याच्या आनंदात सर्वांसाठी एक निवेदन लिहिलं. महिनाभराचा आढावा, सभासदांच्या संयमाचं कौतुक, तोलमाप खात्यातल्या दोन आठवणी, पुढील दिशा. साडेतीन पानं झाली. लिहिताना फार बरं वाटलं. पाठवलं. ते व्यवस्थापकाकडे जाऊन थांबलं.

मग मी चहा घेतला आणि व्यवस्थापक म्हणून बसलो. निवेदन पहिल्यापासून वाचलं. भाषा चांगली होती, कळकळ होती. दुसऱ्या पानावर मला जांभई आली. मी ते अडवलं.

बायको पलीकडे पेपर वाचत होती. तिने विचारलं, काय झालं, एवढे गंभीर का.

"काही नाही. एक मेल अडवावा लागला."

"कोणाचा?"

"आहेत एक गृहस्थ. माणूस चांगला आहे, पण फार लिहितो."